पत्रकवाली

३ फेब्रुवारी

पत्रक लिहिणाऱ्या साहेबांस नमस्कार.

हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर ‘ऑक्सिजनच्या मशीनचं माहितीपत्रक ज्यांनी लिहिलं त्यांना द्यावे’ असं घातलंय. माझी जाऊ म्हणाली, “पत्रकं कोणी लिहीत नसतं, ती आपोआप येतात.” मी म्हटलं, आपोआप फक्त दूध नासतं.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी ह्यांच्या वर्कशॉपमध्ये शिकले. हे पंप दुरुस्त करायचे. हात कायम तेलाचे, म्हणून पंपाबरोबर आलेले कागद मी वाचून दाखवायची. अडलं की अडलेलं अक्षर दुसऱ्या खोक्यावर शोधायची. आता वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणते. तेव्हा चांगलं आणि वाईट यांतला फरक मला कळतो असं धरून चाला.

तुम्ही लिहिलंय, ‘बटण दाबल्यावर मशीन शिट्टी वाजवेल. घाबरू नका, ते जागं झालं आहे.’ दुसऱ्या कोणी ‘ध्वनिसंकेत प्राप्त होईल’ असं लिहिलं असतं, आणि मी डॉक्टरांना फोन लावत बसले असते. पुढे तुम्ही म्हणता, ‘नळी नाकाला लावण्याआधी स्वतःच्या हाताला लावून बघा, म्हणजे समोरच्याला ती कशी लागणार ते कळेल.’ हे वाचून मी पत्रक उलटसुलट करून तुमचं नाव शोधलं. कंपनीचं नाव आहे, छापखान्याचं आहे. लिहिणाऱ्याचं तेवढं नाही.

तुमची आणखी पत्रकं कोणती, ते कळवा. मिळवून वाचीन.

बाकी काही मागणं नाही.

तुमची वाचक
(गल्लीत मला पंपवाल्या काकू म्हणतात)


११ मार्च

पंपवाल्या काकूंना नमस्कार.

तुमचं पत्र कंपनीत महिनाभर फिरलं. पहिल्यांदा ते तक्रार विभागात गेलं, कारण कंपनीला लोक लिहितात ते तक्रार करायलाच. तिथल्या गृहस्थांनी दोनदा वाचून तक्रार शोधली. सापडेना, म्हणून ‘चौकशी बाकी’ असा शिक्का मारून पुढे ढकललं. असं करत करत माझ्याकडे पोचलं.

आधी एक दुरुस्ती. मी साहेब नाही, बाई आहे. कंपनीत नोकरीलाही नाही. काम आलं की बोलावतात, झालं की विसरतात.

माझी पत्रकं विचारलीत. आजवर हे कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे आठवून लिहिते: मिक्सर, छताचा पंखा, पाण्याचा फिल्टर, केस वाळवायचं यंत्र, आणि वजनकाटा (तो चार ओळींचा आहे). शिवाय निवृत्त होणाऱ्या साहेबांची भाषणं लिहिते. एका दंतवैद्याचं आत्मचरित्र लिहून दिलं. प्रकाशनाला त्यांनी मला बोलावलं नाही, पण एक दाढ फुकट काढून दिली. माझी स्वतःची एक कादंबरी आहे. ती प्रकाशकांकडे जाते आणि चार दिवस पाहुणचार घेऊन परत येते.

शेजारच्या बाई भेटल्या की विचारतात, “लिहिता ते ठीक आहे, पण करता काय?” परवा तुमचं पत्र त्यांना वाचायला दिलं. वाचून म्हणाल्या, “अगोबाई, म्हणजे हे कोणी वाचतं?”

काकांची तब्येत आता कशी आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा. मशीनचा फिल्टर धुऊन झाल्यावर पूर्ण वाळवूनच बसवा, ओला बसवू नका.

पत्रकांची लेखिका


२ एप्रिल

चि. पत्रकवालीस आशीर्वाद.

बाई आहेस हे कळल्यावर ‘अहो-जाहो’ सोडून दिलं. राग मानू नकोस.

मिक्सरचं पत्रक जावेच्या कपाटात मिळालं. तिने ते खणात अंथरलं होतं, वर बरण्या. एकेक बरणी उचलून वाचलं. ‘झाकणावर हात ठेवूनच बटण फिरवा. झाकणाला उडायची हौस असते.’ जाऊ हसत सुटली. म्हणाली, माझ्याच घरात होतं आणि मला माहीत नाही. आता खणात वर्तमानपत्र घातलंय आणि पत्रक फोटोंच्या अल्बममध्ये गेलंय. फिल्टरचं पत्रक डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून मागून आणलं. तेही उत्तम. पंख्याचं मात्र मनाला आलं नाही. सगळं बरोबर आहे, पण तू त्यात कुठे दिसत नाहीस. घाईत लिहिलंस का?

काकांना तुझा नमस्कार सांगता आला नाही. ते मागच्या वर्षी गेले. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण ते पत्र तुझ्याबद्दल होतं.

त्यांच्या आजारपणात घरात सगळे सल्ले देणारे. डॉक्टर घाईत, मुलगी लांब, जाऊ माझ्याआधी रडणारी. एक तुझं पत्रक तेवढं न वैतागता तेच ते परत सांगायचं. घडीवर फाटलं, तिथे मी चिकटपट्टी लावली आहे.

एक वाक्य तेवढं मला पटत नाही. ‘मशीन बंद केल्यावर खोली एकदम शांत वाटेल. ती शांतता नेहमीचीच आहे.’ नेहमीची नाही, मुली. पुढच्या छपाईच्या वेळी बघ.

पंपवाली काकू


१९ एप्रिल

ती. काकूंना नमस्कार.

काका गेल्याचं वाचलं आणि मग मीच लिहिलेलं ‘फिल्टर वाळवूनच बसवा’ आठवलं. कुठे तोंड लपवू असं झालं.

पंख्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. पंखा मला घरी आणता आला नव्हता, नुसत्या चित्रावरून लिहिलं. एरवी मी वस्तू घरी आणून वापरते. मग माझा मसुदा बाबांच्या हातात देते आणि बाजूला उभी राहते. बाबा रेशन ऑफिसात कारकून होते. यंत्र म्हटलं की त्यांना राग येतो. वाचत वाचत ते करत जातात. जिथे ते मला शिवी देतात, तिथलं वाक्य मी बदलते. ते गप्प राहून शेवटपर्यंत पोचले की पत्रक झालं. ऑक्सिजनच्या मशीनला त्यांनी आठवडाभर शिव्या दिल्या होत्या.

शांततेचं वाक्य माझंच. मशीन दिवसभर लावून मी घरात बसले होते. बंद केल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं आणि वाटलं, काहीतरी बिघडलं. लोकांना तसं वाटू नये म्हणून लिहिलं. इंजिनियर म्हणाले होते, “हे तांत्रिक नाही, काढा.” मी भांडून ठेवून घेतलं. पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मशीन बंद करून जेवायला बसणारा माणूस होता. तुम्ही नव्हता.

माझं ठीक चाललंय. सध्या हाताशी काम बेताचंच आहे, त्यामुळे निवांत आहे.

पत्रकवाली


७ मे

चि. पत्रकवालीस आशीर्वाद.

तू निवांत आहेस हे वाचून बरं वाटलं. कादंबरीला वेळ मिळत असेल. पाहुणचार घेऊन आली तर येऊ दे, दार आपलंच आहे.

इथली एक गंमत सांगते. वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांनाही आता ऑक्सिजनचं मशीन लागलं. तुझ्याच कंपनीचं, नवं कोरं. भाड्याने देणारा दुकानदारही आमचाच. पोस्टमनीणबाई मला हाक मारून वर घेऊन गेल्या. म्हणाल्या, “ह्यांचं नाक कोरडं पडतंय, रक्त येतंय. तुम्हाला यातलं कळतं, बघा जरा.” पाहते तर हवा ओलसर राहावी म्हणून मशीनला असते ती पाण्याची बाटली कोरडी ठाक.

“पाणी का नाही घातलं?”

“घालायचं नाही ना. कागदावर फुली आहे.”

कागद बघितला तर त्यावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं. एका चित्रात नळ, त्याखाली थेंब आणि वर लाल फुली. मी म्हटलं, अहो, नळाचं पाणी नको, उकळून गार केलेलं घाला असं असेल. त्या म्हणाल्या, “मग उकळलेल्या पाण्याचं चित्र कुठेय?” होतं, मागच्या बाजूला. त्यांना ती चहाची किटली वाटली होती. आणखी एका चित्रात माणसाचं तोंड, गालावर थेंब, आणि फुली. पोस्टमन म्हणाले, “हे तरी सोपं आहे. रडू नका म्हणून सांगतायत.” मी गालाला हात लावून विचार केला आणि मलाही तेच वाटलं. अजून खरा अर्थ कळलेला नाही. तूच सांग.

मी खाली येऊन आपलं पत्रक नेलं आणि वाचून दाखवलं. बाटली भरली. पोस्टमनांचं नाक आता बरं आहे.

या मशीनबरोबर तुझं पत्रक द्यायचं कंपनी विसरली वाटतं. त्यांना सांग.

पंपवाली काकू


२५ मे

ती. काकूंना नमस्कार.

कंपनी विसरलेली नाही. तिने मलाच विसरायचं ठरवलंय. आता मशीन बऱ्याच देशांत जाणार. प्रत्येक भाषेत कोण छापत बसणार, म्हणून सगळीकडे एकच चित्रांचा कागद. बोलावून चहा दिला आणि सांगितलं, “तुमच्या भाषेचा प्रश्न नाही, भाषेचाच प्रश्न आहे.” गालावरच्या थेंबाचा अर्थ म्हणजे नळी लावायच्या आधी चेहरा कोरडा करा. पण पोस्टमनांचा मला जास्त आवडला.

‘निवांत आहे’ असं मी तुम्हाला लिहिलं. काम नसलं की मी लोकांना तसंच सांगते.

दंतवैद्यांनी त्यांच्या ओळखीच्या हाडवैद्याचं नाव सुचवलं होतं, त्यांना आत्मचरित्र नको, नुसतं व्हिजिटिंग कार्ड हवंय. कादंबरी परत आली. या वेळी बरोबर चिठ्ठी होती, ‘भाषा फार सोपी आहे’.

दादाने माझ्यासाठी नोकरी बघितली आहे. माझा हा भाऊ शेजारच्याच गल्लीत राहतो. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसायचं, माल पोचल्याच्या पावत्या बनवायच्या. माणूस वाईट नाही तो. म्हणतो, “लिही ना, कोण नको म्हणतंय? सुट्टीच्या दिवशी लिही.” दिवसभर तिथे बसल्यावर यंत्र घरी आणून बाबांच्या शिव्या खायला माझ्याकडे काय उरेल, ते मला माहीत आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत उत्तर हवंय त्याला. मी हो म्हणायच्या बेतात आहे. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.

पत्रकवाली


४ जून

चि. पत्रकवालीस,

नोकरीचं मी काही सांगणार नाही. रिकाम्या पोटी माणूस चांगलं लिहितो असं मी पुस्तकांत वाचलंय, घरात पाहिलेलं नाही. दादा बोलतोय ते काळजीनेच बोलतोय.

एवढं मात्र सांगते. हे पंप दुरुस्त करून आले की लोक म्हणायचे, “नुसतं एक वायसर बदललं आणि एवढे पैसे?” हे म्हणायचे, “वायसर फुकट घ्या. कुठलं बदलायचं, त्याचे द्या.” तुझी भाषा सोपी आहे म्हणणाऱ्याला पोस्टमनीणबाईंकडे पाठव. ती सोपी करायला तुला काय काय करावं लागतं, हे मला आता माहीत आहे. मी वाचनालयातली निम्मी कपाटं संपवली. भली भली नावं वाचली. पण हात धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारं लिहिणं मी फार कमी पाहिलं.

आता कामाचं. तुझ्या पत्रकात एक पान राहिलंय. मशीन खोक्यातून बाहेर कसं काढायचं ते तू लिहिलंस, रोज कसं चालवायचं ते लिहिलंस. परत कसं करायचं ते लिहिलंच नाहीस.

आमचं मशीन अजून इथेच आहे. कॉटच्या पायथ्याशी. भाडं भरते आहे. जावेला सांगितलंय, दुकानदार न्यायला येत नाही. दुकानदाराला सांगितलंय, अजून लागतंय. दुपारी थोडा वेळ मी ते लावते, नळीशिवाय. दुसरं काही नाही, घरात कोणीतरी आहे असा आवाज येतो. मी वेडी झालेली नाही. स्वयंपाक करते, वाचते, हिशेबाने राहते. पण प्लगला हात लावते आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही. यात मला कोणाचा उपदेश नको. पत्रक हवंय.

नोकरी धरण्याआधी एवढं पान लिहून दे. पैसे मी देणार. तू पुतणी असतीस तर फुकट मागितलं असतं, पण मग तू ते पुतणीसारखं लिहिलं असतंस.

पंपवाली काकू


२० जून

ती. काकूंना नमस्कार.

पान सोबत आहे. इतकं कमी लिहायला मला इतके दिवस कधी लागले नव्हते. दुकानात जाऊन तसं मशीन मागून आणलं. बाबांना सांगितलं, समजा हे आईचं होतं आणि आता परत द्यायचंय. त्यांनी या वेळी एकही शिवी दिली नाही. म्हणून कुठे बदलायचं ते मला कळेना. शेवटी ते जिथे जिथे थांबले, तिथे मी एकेक वाक्य घातलं.

दादा उत्तर विचारायला आला होता. म्हटलं, हातात काम आहे. “कुणाचं?” म्हणाला. म्हटलं, गिऱ्हाइकाचं.

*मशीन परत करताना*

*घाई नाही. दुकान रोज उघडतं.*

*आधी बटण बंद करा, मग प्लग काढा. उलट केलं तर मशीन जोरात शिट्टी वाजवेल. ती वीज गेल्याची शिट्टी आहे. कोणाला त्रास होत नाहीये. धावत जाण्याची गरज नाही.*

*बाटलीतलं पाणी ओतून टाका. ते साधं उकळून गार केलेलं पाणी आहे, झाडाला घातलं तरी चालतं. बाटली पुसून कोरडी करा.*

*नळी दुकानदार परत घेत नाही, कारण ती दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. टाकायची की ठेवायची, हे ज्याने ती लावली त्याने ठरवायचं. दोन्ही बरोबर आहे.*

*मशीनला चाकं आहेत, पण उंबरठ्यावर उचलावं लागतं. एकट्याने उचलू नका. कोणाला तरी बोलवा. आलेला माणूस काही बोलला नाही तरी चालेल, त्याने एक बाजू धरली म्हणजे झालं.*

*मशीन गेल्यावर फरशीवर चाकांच्या खुणा दिसतील. ओल्या फडक्याने त्या जातात. आजच पुसल्या पाहिजेत असं नाही.*

*आवाज करणारी ही वस्तू तुम्ही नीट सांभाळलीत. परत करताना ती चालू स्थितीत आहे, हे दुकानदाराला सांगा.*

एवढंच. अडलं तर कळवा.

पत्रकवाली


२७ जून

चि. पत्रकवालीस आशीर्वाद.

पान आल्यावर मी ते लगेच वाचलं नाही. आधी भांडी घासली, मग वाचलं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी करायला घेतलं. बटण, प्लग, बाटली. पाणी खिडकीतल्या कुंडीला घातलं. नळीचं काय केलं ते तुला सांगत नाही. ते तू माझ्यावर सोपवलंस, हे फार बरं केलंस.

उंबरठ्यावर एक बाजू पोस्टमनीणबाईंनी धरली. त्या बोलघेवड्या आहेत, पण मी आधीच पान वाचायला दिलं होतं, त्यामुळे रस्ताभर गप्प होत्या. खुणा अजून पुसलेल्या नाहीत.

दुकानात मी सांगितलं, चालू स्थितीत आहे. आणि मग मला बसावं लागलं. दुकानदाराने स्टूल दिलं. माझ्या हातातलं पान घेऊन उभ्याने वाचलं, परत वाचलं. म्हणाला, “काकू, मशीन परत आणताना लोक माझ्याशी भांडतात, नाहीतर न बोलता टाकून जातात. मला वाटायचं माझंच काही चुकतं. हे लिहिलंय कोणी?” मी सांगितलं. “हे मशीनबरोबर द्यायला मिळेल का? आणि आधीचं पत्रकही? त्या चित्रांपायी फोन घेऊन घेऊन मला वीट आलाय.” मी म्हटलं, मिळेल, पण ती फुकट लिहीत नाही, आणि पानाखाली तिचं नाव हवं. तो म्हणाला, “फुकट कोण मागतंय? माझ्याकडे चाकाची खुर्ची आहे, वरखाली होणारी कॉट आहे, वाफेचं मशीन आहे. एकाचाही कागद धड नाही. आमच्या दुकानदारांच्या संघटनेत मी बोलतो, आमच्यासारखी दुकानं गावोगाव आहेत.” संघटनेचं काय होईल ते होवो. संघटनांचं मला माहीत आहे. पण खुर्चीचं काम पक्कं आहे, आगाऊ रक्कम मी त्याच्याकडून माझ्यासमोर पाकिटात घालून घेतली. माझ्या पानाचे पैसेही सोबत आहेत, वेगळ्या पाकिटात. परत पाठवलेस तर बोलणार नाही तुझ्याशी.

याने घर चालेल असं मी म्हणत नाही. दादाला काय उत्तर द्यायचं, ते तुझं तू ठरव.

खुर्ची उद्या पाठवतोय.

पंपवाली काकू


३० जून

ती. काकूंना नमस्कार.

खुर्ची आली. पैसे ठेवून घेतले, दोन्ही पाकिटं.

मी मसुदा केला आणि बाबांना बसवलं. पहिल्या दिवशी ब्रेकवर चार शिव्या, पायपट्टीवर दोन. आज शेवटचा परिच्छेद तपासत होतो, खुर्ची उंबरठ्यावरून कशी न्यायची तो. इतक्यात दादा उत्तर विचारायला आला. दारातच त्याला चाकाच्या खुर्चीत बसलेले बाबा दिसले. त्याचा चेहरा उतरला. “काय झालं? कधी झालं? मला कोणी कळवलं का नाही?”

मी त्याच्या हातात कागद दिला. म्हटलं, “बोलू नकोस. यात लिहिलंय तसं कर आणि बाबांना बाहेर काढ.”

तो काही न समजता वाचायला लागला. मागच्या दांडीवर पाय दिला. पुढची चाकं उचलली, उंबरठ्यापलीकडे टेकवली, मग सावकाश ढकललं. एका हातात कागद धरून. बाबा एकदाही ओरडले नाहीत. खुर्ची अलगद अंगणात उतरली. दादा कागद उलटा करून मागे काही आहे का ते बघत होता.

“आणि नोकरीचं?” त्याने विचारलं, पण नेहमीच्या आवाजात नाही.

मी नाही म्हणून सांगितलं. तो काहीतरी बोलणार होता, मीही बोलणार होते. पण अंगणातून बाबा म्हणाले, “तुमचं काय ते मागाहून ठरवा. मी इथे कामावर आहे.”

पत्रकवाली